बोटाखाली चालणारा प्रोसेसर

“हात काढू नकोस!”

ती इतक्या जोरात ओरडली, की लंबूच्या छातीत धस्स झालं. लंबू म्हणजे प्रयोगशाळेतल्या शेजारच्या टेबलावरचा ताडमाड मुलगा. घरंगळलेला स्क्रूड्रायव्हर उचलायला वाकला आणि तोल सावरताना त्याचं बोट तिच्या बोर्डवर टेकलं, एवढाच त्याचा गुन्हा. पण सकाळपासून वाटेल ते आकडे दाखवणारा, तिने स्वतः तारा जोडून बनवलेला प्रोसेसर एकदम शहाण्यासारखा मोजायला लागला... एक, दोन, तीन...

त्याने बोट उचललं. आकडे पुन्हा सैरावैरा.

“कुठलीतरी तार जोडायची राहिलीय,” तो म्हणाला. “बोट लागलं की तिला आधार मिळतो.”

“म्हणजे तू माझा पार्ट झालास. आता इथून हलायचं नाही, कळलं?”

ती हसली खरी, पण ते हसू फार टिकलं नाही. याच विषयात ती गेल्या वर्षी नापास झाली होती. यंदाही तेच झालं तर कॉलेज बंद, मुकाट्याने परत येऊन काकांच्या दुकानात बसायचं, असं वडिलांनी निक्षून सांगितलं होतं.

मग दोघं रोज तारा तपासत बसू लागले. ती शोधायची, तो बोट ठेवून बसायचा आणि चोरून तिच्याकडे बघायचा. जोडायची राहिलेली तार काही सापडेना. लंबूला रोज वाटायचं — परीक्षेत हिचं काय होणार? आणि ही गेली तर... आपलं काय होणार? दुसरा प्रश्न त्याला जास्त छळायचा, त्याची त्याला लाजही वाटायची.

परीक्षेच्या दिवशी तिने त्याला दारातच गाठलं. चेहरा पांढराफटक.

“माझा नंबर आला की ये. बोट ठेव.”

“पकडलं तर दोघंही बाराच्या भावात जाऊ!”

“येशील ना पण?”

तिचा नंबर आला तेव्हा तो आत गेला आणि बोर्डवर बोट ठेवून उभा राहिला. परीक्षक बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

“हा कोण? बोर्डवरचा हात काढ. लांब उभा राहा.”

संपलं सगळं! लंबूने डोळे गच्च मिटले आणि बोट उचललं.

“सहा... सात... आठ,” बाई वाचत होत्या. “छान. सगळं शून्यावर आणणारी तार कुठे जोडलीस?”

तिने न अडखळता दाखवली.

बाहेर आल्यावर लंबूला कंठ फुटला. “तार सापडली होती? कधी?”

“काल. तू गेल्यावर.”

“मग मला कशाला बोलावलंस? माझा जीव जायची वेळ आली होती!”

ती खाली बघत राहिली. “तार जोडली आणि वाटलं — आता तुला यायला काही कारणच उरलं नाही. नापास व्हायची भीती होतीच रे... पण ही भीती त्याहून मोठी निघाली.”

लंबूने चाचरत विचारलं, “बिनकामाचा आलो, तर... चालेल?”

“रोज ये,” ती म्हणाली आणि तिने त्याचा हात घट्ट धरला.