सहा बोटं दाब

"त्या शिंप्याकडं शिवून घ्या खुशाल, पर दाब उलटून बघू नगा," असं छबूबाई म्हणाली, तेव्हा रेश्मा चक्क हसली होती. भांडी घासता घासता छबूबाई रोजच असलं काही सांगायची; कधी मिठाचं, कधी मांजराचं. आणि दाब बघायचा नाही म्हणजे काय? पोर वाढेल तसं उसवून सोडायला कडेला आत दुमडलेलं ते जादा कापड. आई पहिलं तेच बघते.

रेश्माचा तर बघण्याचा स्वभावच होता. समर्थ सहा वर्षांचा झाला, तरी तो झोपला की ही नाकाखाली बोट धरून श्वास लागतोय का बघायची. सुप्याच्या कंपनीतून दमून आलेला तिचा नवरा तुषार चिडवायचा, "अगं, पोरगं आहे का दूध? सारखं उतू गेलं का बघतेस!"

या काळजीवर उतारा म्हणून ती सुट्टीच्या सकाळी समर्थला घेऊन जुन्या नगरात भटकायची. सावेडीत वाढलेली ती. कापड बाजार म्हणजे दिवाळीच्या साड्या, एवढंच ठाऊक. आता एकेक सापडायला लागलं होतं. घराच्या पायात शिरलेला खापरी नळ, दुकानाच्या पाटीमागं दडलेली दगडी जाळी, लोक ज्यावर चपला काढतात तो कोरीव खांबाचा तुकडा. फोटो काढायची आणि फेसबुकवर तिच्या 'आपलंच नगर' या पानावर टाकायची. आपल्याच गावात आपण पाहुणे होतो, याची तिला गंमत वाटायची.

तसाच तो बोळ सापडला. साडीच्या दोन दुकानांमधला, अंग तिरपं करून शिरायचा. आत गेलं की बाजाराचा गलका दार लोटल्यासारखा बंद. ओल्या दगडाचा, खडूचा आणि मशीनच्या तेलाचा वास. टोकाला पायानं चालवायचं शिलाई मशीन, आणि त्यामागं रंभाजीमामा शिंपी. शाळेचे कपडे तेवढे शिवायचे.

"मामा, वाढत्या अंगाची शिवा हं पँट."

मामांनी टेप घेतलाच नाही. समर्थच्या डोक्यावर तळवा ठेवला. "काय मालक, कितवीला?"

"पहिलीला. आणि मी मालक नाही, मी समर्थ आहे."

मामा खळखळून हसले. "अशी जीभ पायजे गड्याला!"

"दाब किती सोडाल?" रेश्मानं विचारलं.

"आमी ठरवत न्हाई, बाई. हात थांबंल तिथं कापायचं."

पँट आली ती चार बोटं दाबाची. कमरेला आतून लाल दोऱ्याचा एक टाका आणि डावा खिसा उजव्याहून खोल, या मामांच्या खुणा. वर्षभर समर्थ वाढला, तशी ती एकेक बोट सोडत गेली. मे महिन्यात शेवटचं बोट उसवलं, तेव्हा पँट गुडघ्यावर नेमकी बसली. सूतभर कमी नाही, सूतभर जास्त नाही.

तिनं कौतुकानं बोळाचा आणि पँटचा फोटो टाकला. धडाधड प्रतिक्रिया आल्या. काकासाहेब नावाच्या गृहस्थांनी लिहिलं, "माझ्या पँटला अर्धं बोट दाब होता. भावंडांत मीच बुटका!" सगळे हसले. त्याखाली मोनिका नावाच्या बाईनं लिहिलं होतं, "माझ्या ओमच्या पँटला दाबच नव्हता. मी भांडले होते मामांशी. जूनमध्ये शिवली होती. गणपतीपर्यंत बरोब्बर येत होती."

"आणि मग?" रेश्मानं विचारलं.

तिनं मोनिकाचं पान उघडलं. ओमच्या फोटोला हार होता.

यंदा दुसऱ्या शिंप्याकडं जावं, असं शंभरदा मनात आलं. पण दुसऱ्या शिंप्यानं हातभर दाब सोडला असता, तरी आता तिचा विश्वास बसला नसता. समर्थला नेऊन तिनं कापड दिलं. आठ दिवस तिला घास गोड लागला नाही. पँट आणायला ती एकटीच गेली.

मामांनी पँट पुढं केली. तिनं तिथंच कड उलटली. बोटं लावून मोजली. परत मोजली.

सहा.

तेव्हा कुठं तिला शेजारच्या खुंटीवरचा फ्रॉक दिसला. तेच राखाडी कापड, लहान मुलीचा. तिचा हात आपोआप गेला.

कापलेल्या कडेवर नुसती टीप होती. आत काही नव्हतं.

"मामा, हा कुणाचा?"

"ज्याचा हाय, ते नेतील."

"थोडा तरी दाब सोडा ना."

"कापडच पुरलं न्हाई."

मशीन थांबलं. मामांचे डोळे भरून आले होते. त्यांनी कात्री तिच्याकडं सरकवली.

"तुमच्यातला दोन बोटं देता? जोड लावतो. एकाच ताग्याचं हाय, दिसायचं बी न्हाई."

समर्थची पँट तिनं छातीशी कधी धरली, तिलाच कळलं नाही.

"एक बोट?" मामा हळूच म्हणाले.

ती पळाली. बोळाच्या दोन्ही भिंती खांद्यांना घासल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पँट घेऊन परत आली. खुंटी रिकामी होती.

"आत्ताच नेला," मामा म्हणाले. "पोरगी लई हसरी हुती, बाई. जाताना टाटा केला मला."

नाव त्यांना ठाऊक नव्हतं. राखाडी गणवेशाच्या शाळा गावात पाच-सहा. ती दोन शाळांच्या फाटकाशी उभी राहिली. तिथले रखवालदार तिच्याकडं संशयानं बघायला लागले. मग घरी येऊन तिनं आपल्या पानावर लिहिलं. या वेळी फोटो नव्हता.

"नगरकरांनो, राखाडी फ्रॉक, साधारण सहा वर्षांच्या मुलीचा. कमरेला आतून लाल दोऱ्याचा एक टाका. डावा खिसा उजव्याहून खोल. तुमच्या घरात, शेजारी, शाळेच्या रिक्षात अशी हसरी मुलगी असेल, तर खालची कड उलटून बघा. दाब नसेल तर मला फोन करा, मी सुई-दोरा घेऊन येते. समर्थच्या पँटचं बोटभर कापड मी कापून ठेवलंय. गणपतीला अजून वेळ आहे. पण तुम्ही आजच जा, आणि तिला एकदा बघून या."