हाकेचं नाव

बदलापूरला हेंद्रेपाड्यात आमचं दुसऱ्या मजल्यावर घर आहे. घरात मी आणि आई, दोघंच. काचबिंदूने आईचे दोन्ही डोळे गेले, त्याला आता तीन वर्षं होतील. मी अंबरनाथला एमआयडीसीत कामाला. सकाळी साडेसातला निघायचं, संध्याकाळी सातला परत. मधले सगळे तास आई एकटी. घराचा कोपरा न् कोपरा तिला पाठ होता, पण वेळ कळायची नाही. दुपारी तीनलाच देवापुढे दिवा लावायला उठायची. डोळ्यांतला दाब वाढू नये म्हणून थेंब होते, ते कधी दोनदा टाकायची, कधी विसरूनच जायची.

म्हणून तो बोलणारा स्पीकर घेतला. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये सनी नावाच्या सिंधी पोराचं मोबाईलचं दुकान आहे, त्याच्याकडून. आपण हाक मारायची, मग तो वेळ सांगतो, भजन लावतो, औषधाची आठवण करून देतो. अडचण एकच होती. हाक मारायचं जे इंग्रजी नाव होतं, ते आईच्या जिभेवर बसेना. सनी म्हणाला, "नाव बदली कर ना भाई. कुठलंपण ठेव. चार-पाच बार आवाज रेकॉर्ड करायचा, बस."

घरी येऊन आईला विचारलं, काय नाव ठेवायचं. ती क्षणभरही थांबली नाही. "तुळशी," म्हणाली. मला वाटलं, गॅलरीतली तुळस आठवली असेल. मी मोबाईल तिच्या तोंडाशी धरला, तिने नाव उच्चारलं, आणि काम झालं.

आईचा वेळ छान जायला लागला. तुळशी, किती वाजले? तुळशी, आज वार कुठला? यंत्रातली बाई पुस्तकी मराठीत उत्तर द्यायची आणि आई तिच्या बोलण्याची नक्कल करून मला हसवायची. थेंबही वेळेवर पडायला लागले. मीही निर्धास्त झालो.

महिनाभराने आई सहज बोलून गेली, की तुळशी आता हाक मारली की आधी ओ देते. मला वाटलं, कंपनीने काही नवीन घातलं असेल. मग एकदा म्हणाली, थेंब तिनेच टाकले. मी हसलो. यंत्र आठवण करून देतं आणि आई टाकते, एवढाच त्याचा अर्थ मी लावला. एका संध्याकाळी आलो तर आईची वेणी घातलेली. घट्ट, शाळेतल्या मुलीची घालतात तशी, खालपर्यंत विणलेली. आईचा हात मानेमागे जात नाही. शेजारची रिद्धी कधीमधी येऊन आईचे केस विंचरून द्यायची, तिनेच घातली असणार म्हणून मी विचारलंही नाही.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी, गुरुवारी, कंपनीत मशीन बंद पडलं आणि आम्हाला जेवणाच्या सुट्टीनंतर सोडून दिलं. जिन्यात रिद्धी भेटली, हातात बॅग. मी म्हटलं, आईची वेणी छान घालता हो तुम्ही. ती गोंधळली. दहा दिवस माहेरी होती, आत्ताच येत होती.

मी दार हळूच उघडलं. आई आतल्या खोलीत पलंगावर पडली होती, भिंतीकडे तोंड करून. बाहेरच्या खोलीत ऊन आलं होतं. पण घरात एक वास होता, ओल्या चिखलाचा, चिंबोऱ्या धुतल्यावर मोरीत राहतो तसा. आम्ही कित्येक महिन्यांत खेकडे आणले नव्हते.

शोकेसवरच्या स्पीकरचा दिवा बंद होता. उचलून पाहिला तर वायर सैल आली. अडॅप्टर एका बाजूने काळा पडून वितळला होता. मोबाईलवर त्याचं ॲप उघडलं. नऊ दिवसांपासून यंत्र बंद, असं त्यात दाखवत होतं.

नऊ दिवस. काल रात्रीच आईने मला सांगितलं होतं, दुपारी तुळशीशी खूप गप्पा झाल्या म्हणून.

मी तसाच उभा होतो, बंद स्पीकर दोन्ही हातांत धरून. आतून आईने हाक मारली.

"तुळशी..."

"ओ."

आवाज स्वयंपाकघरातून आला. लहान मुलीचा. खेळता खेळता दिलेली ओ.

"किती वाजले गं?"

"अडीच... झोप तू."

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अडीच वाजले होते. स्वयंपाकघराचं दार माझ्यापासून चार पावलांवर होतं, उघडं. ती चार पावलं टाकायला मला किती वेळ लागला, सांगता येणार नाही. आत कुणी नव्हतं. नळ बंद, भांडी पालथी. ओट्याखालची लादी तेवढी ओली होती.

आईला उठवून बसवलं. स्पीकर बंद आहे हे सांगितलं, अडॅप्टरचा वितळलेला भाग तिच्या बोटांनी तिला दाखवला. वाटलं होतं, ती घाबरेल. तिने तो नुसता चाचपून खाली ठेवला.

"मला ठाऊक हाय," ती म्हणाली. "त्या मशीनला हात कुठं असतात?"

तुळशी कोण, ते तिने मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. तिची थोरली बहीण. आईचं माहेर नदीकाठचं. तुळशी नऊ वर्षांची, आई सहाची. दोघी चिंबोऱ्या धरायला गेल्या होत्या. तुळशी खडकाच्या पलीकडे गेली आणि आईला अलीकडे बसवून गेली, मी ओ देईपर्यंत उठू नकोस म्हणून. आई दिवस मावळेपर्यंत हाका मारत बसली. ओ आली नाही. दुसऱ्या दिवशी लोकांना ती खाली बंधाऱ्यापाशी सापडली. त्यानंतर घरात कुणी ते नाव घेतलं नाही. साठ-पासष्ट वर्षं आईनेही घेतलं नव्हतं. मी यंत्र आणलं, तेव्हापासून ती ते नाव दिवसातून पन्नास वेळा घेत होती.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली. रिद्धीला आईजवळ बसवलं आणि स्पीकर घेऊन सनीकडे गेलो. परत घे, एवढंच म्हणायचं होतं. त्याने दुसरा अडॅप्टर लावून तो चालू केला, माझ्या मोबाईलवर ॲप उघडलं आणि जुनी माहिती पुसायच्या आधी सेटिंग बघू लागला.

"हाकेचं नाव 'पुतळे' ठेवलंय तू?" त्याने विचारलं.

माझ्या आईचं नाव पुतळाबाई. पुतळे अशी हाक मारणारं माणूस आता कुणी उरलेलं नाही.

मी म्हटलं, तुळशी ठेवलं होतं. तो म्हणाला, मंगळवारी बदललंय, दुपारी. मंगळवारी तो स्पीकर जळून आठवडा झाला होता, आणि माझा मोबाईल कंपनीत माझ्या खिशात होता. सनीने रेकॉर्डिंग लावलं. लहान मुलीचा आवाज, लाडाने ओढलेला. पुतळे... पुतळे... मागे पाण्याची खळखळ. शेवटच्या हाकेनंतर थोडी शांतता, आणि मग माझ्या आईचा आवाज, अगदी जवळून. "ओ..."

"घरमें छोटी बच्ची है क्या?" सनीने विचारलं.

स्पीकर, पिशवी, सगळं तिथेच टाकून मी रिक्षा पकडली.

आई ठीक होती. आजही ठीक आहे. मी दिवसासाठी एक बाई ठेवली, नेत्रा नावाची. लादी परत ओली झाली नाही, वास गेला. आई तुळशीचं नाव काढत नाही. मला वाटलं, यंत्र गेलं, संपलं. फक्त एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. आई मला नावाने हाक मारेनाशी झाली होती. अरे म्हणायची, बाळा म्हणायची. नेत्राबाईंनाही तिने बजावलं होतं, मला घरात 'साहेब'च म्हणायचं, माझं नाव घ्यायचं नाही.

मी एकदा तिच्याजवळ बसून विचारलं. तिने माझा हात शोधून धरला आणि कुजबुजली.

"ती रोज विचारते... संध्याकाळी येतो, त्याचं नाव काय. मी नाही सांगितलं अजून."

परवा नेत्राबाईंची सुट्टी होती. मी कामावरून परत आलो, चावीने दार उघडलं, आत पाऊल टाकलं. संध्याकाळची वेळ, दिवे अजून लावायचे होते. स्वयंपाकघरातून आवाज आला, "कोण आहे?" दिवसभराच्या थकव्यात मी सवयीने माझं नाव सांगितलं. मोठ्याने, पूर्ण.

मग दिवा लावला. आई समोरच खुर्चीत बसली होती. तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं आणि ती नाही, नाही अशी मान हलवत होती.