नरहरीची उष्टी हळद

उष्टी हळद पोचवायचं काम तसं साधं. नवऱ्यामुलाला लावून उरलेली हळद वाटीत घ्यायची, वर केळीचं पान झाकायचं आणि सवाष्णींनी गाणी म्हणत मुलीच्या घरी न्यायची. वाटेत वाटी जमिनीला टेकवायची नाही, एवढीच अट. मी नवऱ्यामुलाच्या भावकीतली नवी सून, हाताची पकड घट्ट, म्हणून वाटी माझ्याकडे.

बासष्ट साल. तुळशीचं लग्न नुकतंच झालेलं. आमचं गाव माकुणसार, मुलगी केळव्याची. नवरामुलगा नरहरी पलटणीत, चीनच्या सरहद्दीवर. त्याचं आणि मंगलाचं शीतलादेवीच्या जत्रेत जमलेलं. दोघांनी घरच्यांशी भांडून लग्न ठरवलं होतं. मग लढाई पेटली, रजा बंद झाल्या. शहाण्या माणसानं लग्न पुढे ढकललं असतं. पण नरहरीची आई इंदुबाई म्हणाली, "पोराचाच निरोप हाय, थांबू नका. तो नाय तर त्याच्या कट्यारीशी लावू लगीन." हळद लावली त्याच्या जुन्या सदऱ्याला. बायका माना डोलवत होत्या. बाईला सदऱ्याशी बांधायचं म्हटलं की या माना कशा डोलतात! पुरुषाचं लग्न कधी लुगड्याशी लावलेलं ऐकलंय कुणी?

दुपार उतरताना आम्ही खाडीच्या बांधावर आलो. मिठागरांत नुसतं पाणी होतं, मीठ धरायला अजून अवकाश होता. आमचं गाणं आपोआप थांबलं, कारण पुढे कुणीतरी चालत होतं. दिसत नव्हतं. नुसता आवाज… कर्र… कर्र… जाड मिठावरून बूट घालून चालावं तसा. आणि बांध तर मऊ चिखलाचा. वाऱ्यावर वास आला तो ओल्या लोकरीचा. आमच्याकडे लोकर घालतो कोण?

"वैनी… कोण हाय गो?" शेजारची कमळी माझ्या दंडाला बिलगली.

"कोणी नाय. गाणं म्हण."

"तुमीच म्हणा."

"माझा गळा ऐकून भूत पळंल."

"मग म्हणाच."

हसू आलं नाही कुणाला. इंदुबाई मात्र मान खाली घालून भराभर चालत होती. आवाज तिलाही येत होता. कोण आहे, हे तिनं एकदाही विचारलं नाही. ते मी तेव्हाच मनात धरून ठेवलं.

मंगलाच्या बापाच्या, नामदेवच्या अंगणात मांडव होता, पण सामोरं कुणी आलं नाही. मंगला दारात उभी. दोन्ही हात चौकटीला लावून, वाट अडवून.

"जयवंतीवैनी, वाटी आत आणू नका."

"का गो?"

"ती हळद त्याची नाय. तो सांगून गेला."

"कोण?"

"नरहरी. तुमच्या आधी आला. पाटावर बसला. पाणी दिलं, प्यायला नाय… ओठ हलत नवते त्याचे, वैनी. तरी मला ऐकू आलं. म्हणाला, मी लावून घेतली नाय. तू पण लावून घेऊ नको."

मागून नामदेव पुटपुटला, "मी बी बघितला. जावई आले म्हणून उठलो… नि पाट मोकळा."

मी इंदुबाईकडे वळले. "काकी, नरहरी जिता हाय का?"

ती मांडवातच खाली बसली. "तार आली… दिवाळीत." मग रडत म्हणाली, "बिनलग्नाचा गेला गो माजा पोर. बायको नाय तर भटकत राहील तो."

मला तिची कीव आली, खोटं का सांगू. पण राग त्याहून मोठा होता. बिनलग्नाच्या मेलेल्याचं लग्न रुईच्या झाडाशी लावतात, हे आमच्याकडे पोरंसोरंही जाणतात. "मग रुई मेली होती काय?" मी ओरडले. "तुमच्या कुंपणाला ढीगभर उगवलीय! सतरा वर्सांची जिती पोर कशाला? जन्मभर तुमच्या पानवेलींना पाणी घालायला?"

आणि ती वाटी मी नामदेवच्या अंगणातल्या मोरीत उपडी केली. सवाष्ण असून! त्यानंतर गावानं मला हळदीला बोलवायचं बंद केलं. करा बंद. मंगलाचं लग्न दोन वर्षांनी झालं, तिनं स्वतः निवडलेल्या माणसाशी. तिला पहिली हळद मीच लावली.

त्या दिवशी पाटावर मुठीएवढा पांढरा गोळा पडला होता, त्यात बुटाच्या खिळ्यांची नक्षी. सातपाटीच्या होड्यांवरचा बर्फ आम्ही पाहिलेला. हा तसा नव्हता. एवढ्या उकाड्यात तिन्हीसांजेपर्यंत वितळला नाही. शेवटी नामदेवनं तो चिमट्यानं उचलून विहिरीत टाकला.

इंदुबाईनं पुढे रुईशी लग्न लावलं. सगळे म्हणाले, सुटला पोर. असं म्हणायला त्यांचं काय जातं?

मागच्या वैशाखात मंगलाच्या भावाच्या नातीचं लग्न ठरवायला त्याच घरी पाहुणे आले होते. मुलीला कुणी विचारलं नव्हतं. विचारा, एवढंच सांगायला मी गेले होते. थोरामोठ्यांनी सुपारी फोडायला घेतली आणि मागच्या दारी विहिरीचा रहाट कुरकुरला. विहिरीवर कुणी नव्हतं. पोहरा दोरातून सोडून काठावर उपडा घातलेला होता. दोर मात्र ताणलेला होता, आणि रहाट हळूहळू, वजन वर यावं तसा फिरत होता.