इरगोंडा कुणाचा?

"खोटं नाव लिहायचं न्हाई इथं," मी म्हणाले.

"खोटं कावून लिहू? खरंच इरगोंडा हाय मी!" आणि तो हसला.

केजला माझ्या काकांची अभ्यासिका आहे. तलाठी, पोलीस भरती, असल्या परीक्षा देणारी पोरं तिथं दिवसभर वाचत बसतात, आणि रजिस्टर मी सांभाळते. युवराज, हरिओम, अजिनाथ... शेकड्यानं नावं लिहिलीत मी. पण इरगोंडा? आणि आपल्या बीडमध्ये? मी सरळ आधारकार्ड मागितलं. इरगोंडा रामहरी केदार, तालुका धारूर. फोटोतसुद्धा मेला हसतच होता!

"अर्थ काय ह्याचा?"

"इर म्हणजे वीर. गोंडा म्हणजे गौडा... पाटील. तिकडं कोल्हापूरकडं ठेवतात असली नावं."

"मग तुमचं कावून ठेवलं?"

"सांगतो की — कधीतरी."

झालं! डोक्यात किडा वळवळायला लागला. माझा स्वभावच तसा. दूधवाल्यानं माप जास्त घातलं तरी मी त्यात पाणी शोधते.

रोज सही करताना तो पेन टेबलावरून न उचलता माझ्या हातातूनच घ्यायचा. बोटाला बोट लागलं, की मी रजिस्टरात तोंड खुपसायची. एकदा धारूरच्या डोंगरातली सीताफळं घेऊन आला.

"एवढी पिकलेली?"

"आजच खावी लागतील. उद्यावर ढकलायचं न्हाई."

मला तो आवडायला लागला होता... पण रोज दुपारी एकला त्याचा फोन वाजायचा आणि तो जिन्यात पळायचा. एक दिवस मीही मागं गेले. बाईचा आवाज! आणि हा म्हणत होता, "जेवलो गं. तू जेवलीस का? मार की हाक, कितीदाबी मार. दिवाळी झाली की येतो."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

त्याच आठवड्यात त्यानं विचारलं, "आईबापाला तुमच्या घरी पाठवू का?" इकडं परळीचं एक स्थळ जुळत आलेलं, उद्या संध्याकाळपर्यंत काय ते सांग, असं माझ्या वडलांनी, अण्णांनी बजावलेलं. वर वत्सलाबाई मावशीनं तेल ओतलं, "त्याचे आईबाप ऊस तोडायला कोल्हापूरकडंच जायचे. नाव तिकडचं, फोन तिकडचा... बायकोबी तिकडंच असंल, बघ!"

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. दुसऱ्या दिवशी एकच्या ठोक्याला मी त्याच्या आधीच जिन्यात जाऊन उभी राहिले.

"कोण हाय ती? आत्ताच्या आत्ता सांगा. संध्याकाळी परळीवाल्यांना मला हो तरी म्हणायचंय, न्हाई तरी."

त्याचं हसू गेलं. फोन वाजत होता, पण त्यानं तो उचलला नाही.

"माझा जन्म उसाच्या फडातला," तो म्हणाला. "आई अडली होती. शेताची मालकीण पळत आली, तिनंच आईला सोडवलं. तिचा एकुलता एक पोरगा त्याच साली विहिरीत बुडून गेलता. बारा वर्षांचा. पाचटाच्या झोपडीत, आमच्या कोपीतच माझं बारसं झालं. आई तिला म्हणली, तुमचे उपकार कसे फेडू? ती म्हणली, माझ्या इरगोंडाचं नाव ठेवशील का? हाक मारायची सवय जाईना गं..." त्यानं हातातल्या फोनकडं बघितलं. "तिचा पोरगा शाळेतून दुपारी एक वाजता जेवायला घरी यायचा. म्हणून ती एक वाजताच फोन करती."

फोन पुन्हा वाजला. त्यानं तो माझ्यापुढं धरला — "घ्या. तुमीच विचारा."

मी कानाला लावला.

"इरगोंडा? अरं इरगोंडा... जेवलास न्हवं?"

थकलेला, मऊ आवाज. माझे डोळे भरून आले. स्वतःची लाज वाटली, आणि समोरचा हा माणूस आणखीच आवडला.

"कोण हाय? बोला की!"

तो माझ्याकडं बघत होता. मीही त्याच्याकडं बघितलं. पहिल्यांदाच, नजर न चुकवता.

"मी कावेरी," मी म्हणाले. "ते जेवले न्हाईत अजून. मी वाढते त्यांना... मी तुमची सून."

पलीकडं ती म्हातारी घरात कुणाला तरी मोठ्यानं हाका मारायला लागली, "अवो, ऐकलासा का! आपल्या इरगोंडाचं लगीन ठरलं!"