बोटीची डावी बाजू

"अगं, बोट पुसतेयस की सोलतेयस?"

मामा दारातूनच ओरडला आणि बारकीच्या हातातला कापसाचा बोळा टेबलावर पडला. बोळा लालभडक झाला होता. बोटीच्या डाव्या अंगाचा रंग निघून खालचं करडं प्लास्टिक उघडं पडलं होतं.

मोठी, तिचा भाऊ ढब्बू आणि मावशीची बारकी सुट्टीत मामाकडे आले होते. मामा हुबेहूब छोट्या बोटी बनवायचा आणि ही बोट परवाच्या प्रदर्शनात जायची होती. ती पाण्यात वापरलेली दिसावी म्हणून तिला वॉश द्यायचा होता. म्हणजे काळपट तैलरंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करायचा, सांध्यासांध्यांत कुंचल्याने सोडायचा आणि जास्तीचा हलकेच टिपून घ्यायचा. खिडक्या सताड उघड्या ठेवा, तेलकट चिंध्यांचा ढीग करू नका, त्या पेट घेतात, हे मामाने दहादा बजावलं होतं. उजवी बाजू मोठीने केली. डावी बारकीला मिळाली, तीही आठवडाभर भुणभुण लावल्यावर.

"मी जोरात नाही घासलं," बारकी म्हणाली.

मामाने मोठीकडे पाहिलं. मोठी शेजारीच बसली होती. बारकीचा हात किती हलका होता, हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. पण मामाचा पारा चढलेला पाहून तिने कच खाल्ली.

"थोडं दाबलं असेल," ती पुटपुटली.

झालं! बारकीला त्या खोलीत यायची बंदी झाली. ती रडलीसुद्धा नाही, गुपचूप निघून गेली. तिने भांडण केलं असतं तर मोठीला बरं वाटलं असतं.

त्या दिवशी मोठीला घास गोड लागेना. बाटली एक, कापूस एक, मग माझ्याच बाजूचा रंग कसा टिकला, असं तिने ढब्बूला विचारलं. रंगही माणूस बघून वागतो, असं म्हणून ढब्बू हसला, पण टॉर्च घेऊन आला. तिरप्या उजेडात उजवी बाजू चकाकत होती. डावीकडे उरलेला रंग मात्र मंद दिसत होता. बोटीखालच्या वर्तमानपत्रावरही उजवीकडेच व्हार्निशचे तुषार वाळले होते.

मोठीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. टर्पेंटाइनने तो लाल रंग विरघळतो, म्हणून मामा आधी त्यावर व्हार्निश फवारायचा. यावेळी एक बाजू फवारून बोट फिरवायची राहूनच गेली होती!

पण मामाशी वाद घालण्यात काही अर्थ नव्हता. ढब्बू साळसूद चेहरा करून त्याच्याकडे गेला. डावीकडे एक डाग राहिलाय, आमची हिंमत होत नाही, किती हलका हात लागतो तो तूच दाखव, असं त्याने सांगितलं. मामाने ऐटीत टर्पेंटाइनमध्ये भिजवलेला कापूस टेकवला. कापूस लाल झाला.

"मामा, तूही जोरातच घासलंस की," ढब्बू म्हणाला.

मोठीने वर्तमानपत्र पुढे केलं. ते बघून मामा मटकन खुर्चीत बसला. मग उठून थेट बारकीकडे गेला आणि त्याने सगळ्यांदेखत स्वतःचे कान पकडले. पुन्हा रंगवून, वाळवून बोट परवापर्यंत तयार होणं शक्य नव्हतं. प्रदर्शन हुकलं, पण मामाला त्याहून बारकीचं वाईट वाटत होतं.

मामीने मोठीची पाठ थोपटली. मामाने तर फोनवर मोठीच्या आईला तिच्या हुशारीचं रसभरीत वर्णन ऐकवलं. मोठीला ते ऐकवेना. ती बारकीजवळ जाऊन बसली.

"मामाला माहीत नव्हतं," बारकी हळूच म्हणाली. "तू तर बघत होतीस ना?"

"हो. मी घाबरले गं. चुकलं माझं."

"बरं," बारकी म्हणाली. ती रुसली नाही, खेळायलाही आली. पण त्या सुट्टीत पुढे काहीही झालं, की साक्षीला ती ढब्बूलाच बोलवायची.