हळदीच्या गाण्यातली रिकामी जागा

हे मी कुणाकडून ऐकून लिहीत नाहीये. ज्या स्वयंपाकघरात हे घडलं, त्याची आणि माझ्या स्वयंपाकघराची भिंत एकच आहे. अंकिता माझी धाकटी जाऊ. तिने जे सांगितलं आणि मी या डोळ्यांनी जे पाहिलं, त्यात पदरचं काही घातलेलं नाही. पटलं तर घ्या.

गेल्या वर्षीचा फेब्रुवारी. नवीन पनवेल, तिसरा मजला. आणि रात्र वगैरे नव्हती. दुपारचे सव्वातीन वाजले होते. बाहेर लख्ख ऊन होतं.

ही प्रांजलला भरवायची वेळ. प्रांजल म्हणजे तिची मुलगी, तेव्हा चौदा महिन्यांची. अंकिता मायक्रोबायोलॉजी शिकलेली, त्यामुळे वाटी-चमचा दोनदा उकळल्याशिवाय पोरीच्या तोंडापर्यंत पोचायचा नाही. पाहुण्यांनी पापा घ्यायचा नाही. मोबाईल दाखवून भरवायचं नाही. मग पोरीने तोंड उघडावं कसं? त्यासाठी ओट्यावर एक छोटा रेडिओ होता. गाणं लागलं की प्रांजल 'आ' करायची.

त्या दिवशी एफएमवर एक नवीन गाणं लागलं. हळदीचं. लगीनसराईत आमच्याकडे अशी गाणी ढिगाने येतात. धडधडणारा ढोल, वर कीबोर्डची किरकिर. अंकिता मान डोलवत नाचणीचं सत्त्व भरवत होती.

मग ढोल थांबला...

आणि एका म्हातारीचा आवाज आला.

अंकिताचा चमचा हवेतच राहिला.

तो वेणूआत्याचा आवाज होता.

वेणूआत्या म्हणजे तिच्या वडिलांची मोठी बहीण, उरणकडच्या त्यांच्या गावची धवलारीण. आगरी लग्नात एकेक विधी गाण्यातून लावून देणारी बाई, ती धवलारीण. लहानपणी अंकिता मांडवात आत्याच्या मांडीला टेकून बसायची. परातीतली ओली हळद, कोमट तेल, आत्याच्या तोंडाचा मशेरीचा वास, आणि डोक्यावरून वाहत जाणारी ती गाणी... सगळं एकदम आठवलं. डोळे भरून आले तिचे.

मग दुसरंही आठवलं.

आत्याला जाऊन आठ महिने झाले होते. आणि हे गाणं अंकितानेच तिच्या उशाशी बसून फोनवर रेकॉर्ड केलं होतं.

शेवटचे चार महिने आत्या अंथरुणाला खिळलेली होती. पाठीला बेडसोर झालेले. खोलीत पाय टाकला की वास यायचा... गोडसर, कुजका, जिभेवर जाऊन बसणारा. अंकिता नाकाला ओढणी लावून बसली होती. आत्या गायली, पण नवरीच्या नावापाशी आली की दर वेळी गप्प व्हायची.

"नाव का नाही घेत, आत्या?"

"नाव घेतलं का तिला हलद लावायलाच लागतं, पोरी. असंच कुनाचं नाव घ्याचं नसतं."

मग म्हातारीने कण्हत कूस बदलली. पाठ उघडी केली.

"गावातल्या सगल्या पोरींना मी हलद लावली. मना कोनी लावली नाय." आत्याचं लग्न कधी झालंच नव्हतं. "तू तरी लाव गो जरा पाठीला. आग होतंय."

"जखमेला हळद नाही लावायची, आत्या. इन्फेक्शन होतं. नर्स येईल ना आता."

शिकलेली मुलगी. बोलली ते बरोबरच होतं. पण तिला लावायचं नव्हतं, ते त्यासाठी नव्हे.

आत्याने मान वळवून तिच्या ओढणीकडे पाहिलं.

"वास येतंय का गो माजा?"

"नाही गं आत्या," अंकिता ओढणीतूनच म्हणाली.

रेकॉर्डिंग तिने चुलतभावाला, केतनला पाठवलं. केतन डीजे, हळदीची गाणी बनवतो. पुढचं तिला माहीतच नव्हतं.

आता ओट्यावर आत्या गात होती. "वाटली हलद गो, भरली परात... हलदीला बसली गो..."

आणि नावाची रिकामी जागा आली.

आणि आत्या म्हणाली, "...प्रांजल नवरी."

अंकिताने रेडिओ बंद केला.  तिने केतनला फोन लावला.

"ताय! वाजली ना एफेमवर? बोललो होतो ना मी, आत्या फेमस होनार!"

"केतन, नाव कुणाचं टाकलंस त्यात?"

"नाव? नाव नाय टाकलं. तिथं आत्या गप्प हाय ना, म्हनून मी ढोलचा पीस मारलाय. का गो?"

"नीट आठव."

"अगं, मीच बनवलंय. ढोल हाय तिथं. नुसता ढोल."

अंकिताने फोन ठेवला. तिला वास येत होता...

गोडसर. कुजका.

रेडिओच्या जाळीतून काहीतरी पिवळं पाझरत होतं. घट्ट, तेलकट. आंबलेल्या हळदीसारखं. त्यात एक लांब पांढरा केस अडकलेला. आणि प्रांजल... जिची वाटी दोनदा उकळायची, ती प्रांजल... ओट्याला टेकवलेल्या खुर्चीतून पुढे वाकून ती जाळी चाटत होती.

चवीने. मटामट.

अंकिता बेसिनमध्ये भडाभडा ओकली.

त्या दिवसापासून पोरीने अन्न सोडलं. सत्त्व नाही, दूध नाही, वरणभात नाही. चमचा समोर आला की ओठ घट्ट. जीभ मात्र पिवळीधमक. डॉक्टरांनी रक्त तपासलं. कावीळ नाही. "दात येत असतील," म्हणाले. माझा दीर म्हणाला, "रेडिओ टाकून दे." अंकिताने सेल काढले, रेडिओ पिशवीत गुंडाळला आणि गॅलरीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी सव्वातीनला तो पिशवीतून वाजला.

ते मी भिंतीपलीकडून ऐकलं. मला वाटलं, रोजच्यासारखं भरवणं चाललंय.

तिसऱ्या दिवशी दुपारी आंघोळ घालताना अंकिताला प्रांजलच्या पाठीवर, माकडहाडाच्या जरा वर, एक डाग दिसला. रुपयाएवढा. लालसर, ओला. तिने बोट लावलं तर वरची कातडी सालीसारखी सरकली.

तिने वाकून वास घेतला.

तोच होता.

चौदा महिन्यांची, दिवसभर रांगणारी पोर. तिला बेडसोर कसा होईल?

ती किंचाळली तेव्हा मी धावत गेले. सव्वातीन वाजत आले होते. अंकिता प्रांजलला छातीशी धरून स्वयंपाकघरात उभी होती. रेडिओ ओट्यावर होता.

"ताई, तुम्ही आणलात का हा आत?"

"मी कशाला आणू?"

तेवढ्यात तो सुरू झाला. सेलची जागा रिकामी होती. मी पाहिली. काळी, चिकट. आत दोन माश्या अडकून तडफडत होत्या.

"वाटली हलद गो, भरली परात..."

प्रांजल आईच्या हातातून पाठ वळवायला लागली. रेडिओकडे. जणू कुणी तिला हळद लावायला बोलावलं होतं.

अंकिताने पोर माझ्याकडे दिली. मग मसाल्याच्या डब्यातली हळद मुठीने काढली, त्यावर तेल ओतलं, तळहातावरच कालवली. मला वाटलं, आता पोरीच्या पाठीला लावणार.

ती रेडिओकडे गेली.

तिने तो पालथा घातला. एरवी भाजी चिरल्यावर तीनदा हात धुणारी बाई ती. नाकाला ओढणी नाही. तोंड उघडं. आणि तिने उघड्या हाताने रेडिओच्या पाठीला हळद लावली.

प्लॅस्टिकच होतं ते. पण तिचा हात आत गेला...

"गरम आहे, ताई," ती मला म्हणाली. आवाज अगदी बारीक. "मऊ आहे. बोट खोल जातंय... तळाला हाड लागतंय."

तिला उमासे येत होते. ती गिळत होती. हात काढत नव्हती.

"...हलदीला बसली गो..."

रिकामी जागा आली. आणि आत्याच्या आधी अंकिता ओरडली, "वेणू! वेणू नवरी! माझी वेणूआत्या नवरी!"

रेडिओ खरखरला. मग एक लांब उसासा... अंथरुणात कूस बदलून बरं वाटल्यावर माणूस टाकतं, तसा.

मग काहीच नाही.

त्या संध्याकाळी प्रांजलने दोन वाट्या वरणभात खाल्ला. सकाळपर्यंत पाठीवरचा डाग गेला होता. खूणही नव्हती. रेडिओ अजून माझ्या माळ्यावर आहे, कारण अंकिता त्याला घरात ठेवू देत नाही आणि फेकूही देत नाही. त्याच्या पाठीवर पाच बोटांचे खड्डे आहेत. टणक प्लॅस्टिक आहे, मी दाबून पाहिलंय.

इथे संपलं असतं तर मी लिहायला बसले नसते.

आता पुन्हा लगीनसराई आहे. केतनचं गाणं सगळीकडे वाजतं. वरातीच्या टेम्पोवर, रिक्षात, खालच्या हॉलमध्ये. प्रांजल आता सव्वादोन वर्षांची झालीये, बोलते.

गाणं खालून जायला लागलं की ती हातातलं खेळणं ठेवते. आईकडे पाठ करून बसते. फ्रॉक वर उचलते आणि थांबते.

अंकिता ओट्यावरची वाटी घेते. हळद-तेल तिथे आता कायम कालवलेलं असतं. त्या कोवळ्या, स्वच्छ पाठीला लावते.

परवा मी तिथेच होते. रिकामी जागा आली. खाली ढोल वाजला. प्रांजलने मान वळवून आईच्या तोंडाकडे पाहिलं, आणि जी बोली आमच्या घरात कुणी तिच्याशी बोलत नाही, त्या बोलीत विचारलं,

"वास येतंय का गो माजा?"

"नाही गं," अंकिता म्हणाली. ओढणी तिने खांद्यावरून काढून केव्हाच दूर टाकली होती.

मी माझ्या घरी आले. दार लावलं. तीनदा हात धुतले.

आणि तरी भिंतीच्या अलीकडे, माझ्या स्वयंपाकघरात, माळ्यावरच्या त्या रेडिओखाली, माझ्या उकळून ठेवलेल्या वाट्यांना...

वास येतोय.