लाडोबाचं पांढरं डोकं

कळपातल्या सगळ्या कुरवांची डोकी तपकिरी झाली, आणि लाडोबाचं डोकं मात्र पांढरंच राहिलं. निम्मा मार्च सरला होता.

कुरव हा धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात येणारा पाहुणा पक्षी. थंडीभर त्याचं डोकं पांढरं असतं. परतीचे दिवस आले की डोक्यावरची जुनी पिसं गळून नवी तपकिरी पिसं येतात. टोपी चढली की प्रवासाची तयारी सुरू. लडाखच्या उंच तळ्यांकाठी त्यांची घरटी, म्हणजे इथून सतराशे किलोमीटर, शेवटी वाटेत उभा हिमालय. बिनटोपीचा लाडोबा तिथवर कसा जाणार, या काळजीनं दहा वर्षांच्या ईश्वरी नगरेला जेवण गोड लागेना.

लाडोबा तिचा खास होता. संक्रांतीच्या दिवशी तो नावाडी सोपानकाकाच्या मासेमारीच्या जाळ्यात गुरफटला, तेव्हा तिनेच त्याला सोडवलं होतं. पंख शाबूत, पाय शाबूत, फक्त शेपटीच्या कडेचं एक पीस उपटलं गेलं. ते तिनं भूगोलाच्या पुस्तकात जपून ठेवलं आणि पाखराला ठेवलं लाडात. रोज सकाळ-संध्याकाळ मूठभर शेव. बाकीचे कुरव काकाच्या नावेतल्या पर्यटकांनी उडवलेली शेव झेलत आणि मग मासे धरायला जात. लाडोबा मात्र धक्क्यावरच ठाण मांडून बसे. आयतं मिळत असताना चोच ओली कोण करतो?

"आजी, त्याचं डोकं का बदलंना? बारका हाय का तो अजून?" ईश्वरीनं विचारलं.

पक्षी-संशोधन केंद्रातल्या डॉ. विभावरी ओक यांना सगळा गाव विभाआजी म्हणे. त्यांनी लाडोबाच्या पायातल्या निळ्या कड्याचा क्रमांक पडद्यावर टाकला. "बारका कसला? पाच वर्षांचा आहे. गेली तीन वर्षं मार्चमध्ये त्याला टोपी आली होती. डुबुक, याचं वजन सांग बरं."

डुबुक म्हणजे परातीएवढा, पाण्यावर तरंगणारा यंत्रमानव. पक्षी पाठीवर बसला की तो त्याचं वजन करी, छायाचित्रं घेई आणि पुस्तकासारखं बोले. "सहाशे चाळीस ग्रॅम. कळपात प्रथम क्रमांक. अभिनंदन."

ईश्वरीची छाती फुगली. विभाआजींच्या कपाळावर मात्र आठी पडली.

"तू जपून ठेवलेलं पीस आण."

पीस आलं. आजींनी ते दिव्याखाली तिरकं धरलं. "काय दिसतं?"

"आडव्या रेघा. एक काळपट, एक फिकी."

"ते वाढपट्टे (पिसाच्या रोजच्या वाढीच्या खुणा). एक काळपट आणि एक फिका मिळून एक दिवस-रात्र. पीस म्हणजे पाखराची रोजनिशी. पोटभर चांगलं खाल्लं, त्या दिवसाचा पट्टा रुंद. उपास घडला की अरुंद. मोज बरं दहा दिवस."

ईश्वरीनं पट्टी लावली. "चव्वेचाळीस मिलिमीटर."

"हे मागच्या पावसाळ्यात, तिकडे लडाखला वाढलेलं पीस. ते उपटलं गेलं, त्याच जागी संक्रांतीनंतर नवं आलं. डुबुक, ते मोठं करून दाखव."

पडद्यावर लाडोबाची शेपटी आली. ईश्वरीनं डुबुकच्या मापानं दहा दिवसांचे पट्टे मोजले. पुन्हा मोजले. एकोणतीसच मिलिमीटर. कुठल्याच दिवसाचा पट्टा रुंद नव्हता.

"पण मी तर त्याला रोज खाऊ घातलं," ती म्हणाली.

नाव बांधून आलेला सोपानकाका दारातून हे ऐकत होता. "बाई, जाळ्यात भ्यालं आसंल ते. पाखराची जात."

"सोपानराव, एका दिवसाच्या भीतीनं एक पट्टा बिघडेल. महिनाभराचे कसे बिघडतील? पिसं बनतात केराटिनपासून (केस आणि नखं ज्याची असतात ते प्रथिन). ते बनवायला मासे हवेत, किडे हवेत. शेवेत नुसतं बेसन, तेल आणि मीठ. तेलानं चरबी चढली, म्हणून वजन भरलं. चरबी प्रवासाला लागतेच, पण नुसत्या चरबीनं पंख हलत नाहीत. तुम्ही तालमीत होतात ना? पैलवानाला वर्षभर शेवेवर ठेवलं तर?"

काका हसला, मग हसता हसता थांबला. त्यानं पडद्याकडे पाहिलं. "वजनात बसंल बाई, पन पहिल्याच डावात चितपट हुईल." त्यानं मान खाजवली. "लोक माज्या नावंत शेवेपायी बसत्यात. पन उद्यापास्नं शेव बंद. त्यास्नी मासं धरनारी पाखरं दावू. ती काय कमी देखनी न्हाईत."

बोलणं सोपं होतं, करणं ईश्वरीच्या जिवावर आलं. लाडोबा धक्क्यावर येई, तिच्यासमोर मान वाकडी करून ओरडे. ती दोन्ही मुठी मिटून बसे आणि डोळ्यांतून पाणी काढी. पहिल्या आठवड्यात त्याचं वजन पन्नास ग्रॅमनं उतरलं, ती रडकुंडीला आली.

"चूक झाली असेल तर, आजी?"

"तर डुबुकचे आकडे सांगतील आणि आपण मासे टाकू. पण आधी त्याला पोटासाठी हातपाय हलवू दे."

नवव्या दिवशी लाडोबा कुरकुरत उडाला, पाण्यावर घिरट्या घातल्या आणि झेपावला. रिकामाच वर आला. पुन्हा झेपावला. तिसऱ्यांदा चोचीत चांदीसारखं काही वळवळलं. ईश्वरीनं काकाचा दंड इतका घट्ट धरला की पैलवान कळवळला.

एप्रिल लागला. मोठा कळप निघून गेला. लाडोबाच्या कानामागे तपकिरी ठिपका उमटला, मग कपाळावर दुसरा. ऊन रोज चढत होतं आणि फुगवट्यावर लाडोबा धरून सातच कुरव उरले होते. बाकीचे सहा आधी गेले असते, तर त्याला एकट्यालाच जावं लागलं असतं. महिना संपता संपता टोपी पुरी झाली. एका सकाळी सातच्या सातजण उत्तरेकडे उडाले. लाडोबानं मागे वळून पाहिलं नाही.

तेरा दिवसांनी डुबुक खणखणीत आवाजात म्हणाला, "लडाखच्या तळ्यावरील माझ्या सहकाऱ्याचा निरोप. निळे कडे पोहोचले. डोके पूर्ण तपकिरी." त्या दिवशी काकानं अख्ख्या धक्क्याला चहा पाजला.

ऑक्टोबरात कुरव परतले. निळं कडं ईश्वरीनं दुर्बिणीशिवाय ओळखलं. ती नावेत उभी राहिली, हात नकळत वर गेला. लाडोबा तिच्या डोक्यावरून सरळ पुढे गेला, पाण्यात झेपावला आणि मासा घेऊन दूर बेटावर जाऊन बसला.

"वळखलं बी न्हाई बग तुला," काका हळूच म्हणाला.

ईश्वरीला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त बरं वाटलं. तिनं रिकामा हात पुसला आणि वहीचं नवं पान उघडलं.

"डुबुक, शेपटीचं चित्र घे," ती नावेशेजारी तरंगणाऱ्या डुबुकला म्हणाली. "तिकडं पोटभर खाल्लं का न्हाई, ते वाचायचं हाय मला."